पाच लोचांसाठी सुयोग्य स्थळ

१ डिसेंबर, सोमवार, सकाळ

आजपासून रोजनिशी. शुद्ध भाषेत. मी समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचा सचिव. परिचय पुस्तिका नऊ वर्षं माझ्याच हाताखालून जाते. घरात बोलताना ‘मले-तुले’ होतं ते वेगळं, लिहिताना होऊ देणार नाही.

काल टँकमधला हीटर फुटला. लोचांनी फोडला. थोरलीने नाकाने दगड ढकलला, दगड हीटरवर. घरभर लाइट गेली.

लोच म्हणजे क्लाऊन लोच. नारिंगी अंग, तीन काळे पट्टे, तोंडाला मिशा. वैभवी दहावी पास झाली तेव्हा तिला बक्षीस म्हणून आणले होते, पाच, बोटाच्या पेराएवढे. दुकानदार म्हणाला होता, एवढेच राहतात. वैभवी आता सत्तावीसची, इथेच नागपुरात, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. मासे वीतभराच्याही वर गेले. टँक तोच, चार फुटी, हॉलमध्ये सोफ्यासमोर. घरात त्यांना पट्टेवाले म्हणतात. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं, मला एक पट्टेवाला मिळाला नाही. घरी पाच आहेत.

प्रेमिलाने सांगितलं, की संक्रांतीच्या आत हॉल मोकळा पाहिजे. मागच्या महिन्यात वैभवीला बघायला अमरावतीचे लोक आले, तेव्हा पाचही लोच तळाशी आडवे पडून होते. ते झोपतातच तसे. अमरावतीच्या काकूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, हे मेले का जी. ते लोक पुन्हा आले नाहीत. प्रेमिला म्हणते मासे नडले. वैभवी दिवसभर हसत होती. मुलीला नकार पचवता येतो ही चांगली गोष्ट आहे.

संकल्प: १५ डिसेंबरपर्यंत पाचही लोच योग्य घरी. अर्ध्या विदर्भाची लग्नं मी जुळवली. पाच मासे म्हणजे किस झाड की पत्ती.

२ डिसेंबर, मंगळवार

बायोडाटा तयार. पुस्तिकेचाच फॉर्मॅट घेतला, मेहनत वाचली. वर्ण: नारिंगी. उंची: वीतभर आणि वर. स्वभाव: शांत, मनमिळाऊ, पाचही एकत्र राहू इच्छितात. छंद: गोगलगायी खाणे. अपेक्षा: सुशिक्षित, निर्व्यसनी कुटुंब, स्वतःचं घर, किमान सहा फुटी टँक. शेवटी लिहिलं, जातीची अट नाही. आपण पुरोगामी आहोत, ते कुठेतरी दिसलं पाहिजे.

वैभवीला वाचायला दिलं. तिने शेवटची ओळ दोनदा वाचली आणि विचारलं, की तिच्या स्वतःच्या बायोडाटात तर ‘स्वजातीय’ लिहिलेलं आहे. मी समजावलं, तो पुस्तिकेचा फॉर्मॅट आहे, तत्त्व म्हणून मी जात मानतच नाही. तिने ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मुलीला बापाचा अभिमान वाटतो.

बायोडाटा सगळ्या ग्रुपवर टाकला.

४ डिसेंबर, गुरुवार

पहिलं स्थळ आलं. उमरेडकडचा चुलतभाऊ धोंडबा. म्हणाला, दादा, पाठवून दे, आपली विहीर अशीच पडून आहे, मस्त राहतीन. मी आनंदलो. मग त्याने विचारलं, की काटे बारीक असते का मोठे.

कळवतो म्हटलं.

हा आमच्या मेळाव्यातला सर्वात कामाचा शब्द. ‘कळवतो’ म्हणजे ‘नाही’. सरळ नाही म्हटलं तर समोरचा दुखावतो. कळवतो म्हटलं की तो आशेवर राहतो आणि हळूहळू स्वतःच समजतो. यात माणुसकी आहे. नवीन कार्यकर्त्यांना मी हे आधी शिकवतो.

९ डिसेंबर, मंगळवार

शेजारचे महादेवराव सकाळी फिरताना म्हणाले, एवढं काय डोकं खपवून राहिले तुम्ही, सक्करदऱ्याचा तलाव घराजवळ आहे, नेऊन सोडा, पुण्य लागते. मी त्यांना परदेशी मासे स्थानिक पाण्यात सोडल्याने काय अनर्थ होतो ते समजावून सांगितलं. दोन चकरा पूर्ण होईपर्यंत सांगितलं. खात्यात मी आस्थापना शाखेत होतो, लोकांच्या रजा बघायचो, पण शेवटी खातं पाण्याचंच. पाणी मला कोणी शिकवू नये.

महादेवराव उद्यापासून दुसऱ्या बाजूने फिरणार आहेत. त्यांच्या गुडघ्याला ती बाजू बरी पडते म्हणे.

मासे विकत घेणाऱ्या दुकानदारालाही फोन केला. म्हणाला, काका, एवढे मोठे कोणी घेत नाही, फुकट आणून द्या. फुकट. आपल्या घरचे मासे. कळवतो म्हटलं.

१३ डिसेंबर, शनिवार

धरमपेठ! श्वेता मॅडम, इंटिरियर डिझायनर, ऑफिसात भिंतीत बसवलेला टँक. पत्ता वाचूनच मन भरलं. मी कोट घातला. प्रेमिलाला म्हटलं पैठणी नेस, तर तिने विचारलं, लग्नाले चाललो का मासे द्यायले.

टँक लांब आहे, पण रुंदीला एवढा कमी की थोरली एकदा आत गेली तर वळायची नाही. मी तिकडे लक्ष दिलं नाही. एसी, काचेचं दार, कॉफी. श्वेता मॅडमनी लोचांचे फोटो पाहिले आणि विचारलं, की हे नेहमी खालीच बसतात का, क्लायंटला दिसणार नाहीत. मग विचारलं, यात निळा मिळेल का, त्यांच्या सोफ्याला निळा जाईल. मी म्हटलं, स्वभावाने फार चांगले आहेत.

कळवते म्हणाल्या. मोठ्या घरच्या माणसांना वेळ लागतो.

१५ डिसेंबर, सोमवार

मुदत संपली. आढावा: लोच पाच. घरात पाच. प्रगती समाधानकारक, कारण स्थळांची आवक चालू झाली.

श्वेता मॅडमना मेसेज केला. निळ्या खुणा आल्या. उत्तर यायचं आहे.

२१ डिसेंबर, रविवार

उत्तर नाही. तसंही आजपासून पौष. पौषात आपल्याकडे सोयरीक करत नाहीत. प्रेमिला म्हणाली, माशाले कसला आला पौष. तिला म्हटलं, एकदा पद्धत सोडली की सगळंच सुटतं. नवीन मुदत: पौष संपल्यावर.

रात्री थंडी फार. नवीन हीटर आणला. थोरलीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आवडली नाही.

४ जानेवारी, रविवार

वैभवीने एक स्थळ सुचवलं. धम्मदीप, बँकेत अधिकारी, आठ फुटी टँक, लोचच पाळायचे म्हणून मुद्दाम बांधून घेतलेला. त्याची आई गुडघ्यासाठी वैभवीकडे यायची, तिथली ओळख. मी आडनाव विचारलं. तिने सांगितलं. आडनाव विचारणं ही नुसती सवय आहे, पुस्तिकेत तो पहिलाच रकाना असतो.

मग घर कुठे विचारलं. इंदोरा. मी म्हटलं, इंदोरा जरा लांब पडतं, प्रवासात मासे थकतील. वैभवी म्हणाली, बाबा, उमरेडला पाठवायला निघाले होते तुम्ही, ते काय कॉलनीत आहे का. तिने मोबाईलवर अंतर काढून दाखवलं. ठीक आहे. बघायला काय हरकत आहे. बघणं म्हणजे करणं नव्हे, पौषातही चालतं. आणि माशांच्या बाबतीत जातबीत कोण बघतं.

११ जानेवारी, रविवार, संध्याकाळ

आज जे घर पाहिलं त्याबद्दल सविस्तर लिहिलं पाहिजे.

दोन मजली, साधं, लख्ख. हॉलमध्ये बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि दोन कपाटं पुस्तकं, वाचलेली दिसत होती. आमच्याकडे एक कपाट आहे, त्यात परिचय पुस्तिका. वडील रेल्वेत होते, आता नाहीत. आई जयाताई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. आवाज हळू, पण बोलायला लागल्या की आपण आपोआप सरळ बसतो.

टँक आठ फुटी. मऊ वाळू, लपायला रुंद पाइप, दोन फिल्टर, इन्व्हर्टर. मी पीएचच्या पट्ट्या नेल्या होत्या. पाणी तपासलं, रंग उत्तम आला. मग शिस्तीत चौकशी केली. पगार, घरावर कर्ज, व्यसन, आजारपण, राग येतो का. धम्मदीपने एकेक उत्तर दिलं. दारू नाही, तंबाखू नाही, आईशी आवाज चढवून बोलत नाही. मी विचारलं, उद्या लग्न झालं आणि बायको म्हणाली मासे काढा, तर. तो म्हणाला, की तशी मुलगी तो करणारच नाही. उत्तर आवडलं. वैभवीला तेवढ्यात खोकला आला. थंडी फार आहे यंदा.

जयाताई उठायला लागल्या तर वैभवी त्यांना बसवून सरळ स्वयंपाकघरात गेली, पाणी घेऊन आली, शंकरपाळ्यांचा डबाही शोधून आणला. माझ्या मुलीला कुठे परकं वाटत नाही. संस्कार.

निघताना सवयीने कळवतो म्हणून आलो. पण मन ठरलं होतं. घरी आल्या आल्या मेळाव्याच्या ग्रुपवर आणि घरच्या ग्रुपवर टाकलं: “आज इंदोरा येथील एक घर पाहण्याचा योग आला. शिक्षण, वागणूक, स्वच्छता, माणुसकी, सर्व उत्तम. नागपुरात असं घर दुसरं नाही. कोणत्याही बापाने डोळे मिटून द्यावं असं घर. रविंद्र बोंदरे, सचिव.”

अंगठ्यांचा पाऊस. वैभवीने तर हृदय टाकलं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. प्रेमिलाची मुदत आज संपली. मी कारणं तयार ठेवली होती, पण तिने विषयच काढला नाही. उलट विचारलं, त्या धम्मदीपले तिळाची पोळी आवडते का पुरणाची. माशांना काय आवडतं ते विचारलं नाही. बायकांचं लक्ष कुठे असतं ते कळत नाही.

२५ जानेवारी, रविवार

पाठवणी झाली.

सकाळी आधी मी स्वतः प्रयत्न केला. लोचाच्या डोळ्याखाली एक काटा असतो, घाबरला की तो बाहेर काढतो. हे मला माहीत होतं. जाळी लहान पडली म्हणून प्रेमिलाची जुनी मच्छरदाणी वापरली. थोरलीचा काटा मच्छरदाणीत अडकला, मच्छरदाणी माझ्या चष्म्यात अडकली, आणि मधली माझ्या बनियनला लटकली. प्रेमिलाने कात्री आणली. मच्छरदाणी आणि बनियन दोन्ही कापावे लागले. मासे सुखरूप.

मग धम्मदीप आला. दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात, एक डबा तळाशी धरून बसला. काही केलं नाही, नुसता धरून राहिला. पाचही एकामागे एक आपणहून डब्यात. मी म्हटलं, मी सकाळी थकवून ठेवले होते म्हणून.

प्रेमिलाने त्याला पुरणपोळी वाढली, तुपाची धार धरली ती सोडेचना. जाताना थोरली डब्यात टक टक आवाज करत होती. खुशीत असले की करतात. वैभवी म्हणाली, भ्यायल्यावरही करतात. माझ्या डोळ्यात टँकचं पाणी उडालं, ते बराच वेळ जात नव्हतं.

१ फेब्रुवारी, रविवार

पुस्तिका गुरुवारी छापायला जाणार. वैभवीचं पान तयार करायला बसलो. फोटो नवीन पाहिजे म्हणून तिला हाक मारली. ती आली आणि समोर बसली. म्हणाली, माझं पान छापू नका. मी धम्मदीपशी लग्न करणार आहे.

मी म्हटलं, कोण धम्मदीप.

म्हणाली, दोन वर्षं झाली. तुमच्याशी बोलावं म्हणून रोज हॉलमध्ये यायची आणि तुम्ही माशांचं स्थळ कसं असावं ते सांगत बसायचे. मग वाटलं, आधी घर तरी पाहून घेऊ द्यावं, कोणाचं आहे ते मनात न आणता. तुम्ही पाहिलं. तुम्हाला आवडलं. तुम्हीच लिहिलं.

प्रेमिला दारातच उभी होती. तिला आधीपासून माहीत होतं. मी वैभवीला म्हटलं, विचार करू. ती रडली नाही. नुसतं म्हणाली, बाबा, मले तुम्ही लग्नात पाहिजे.

२ फेब्रुवारी, सोमवार

शांतपणे विचार केला. प्रश्न जातीचा नाहीच. प्रश्न पाण्याच्या हार्डनेसचा आहे. इंदोऱ्याला बोरिंगचं पाणी. मी पीएच पाहिला, हार्डनेस पाहिला नाही. ही माझी चूक नाही, पट्ट्या तेवढ्याच होत्या. शिवाय टँकची काच बारा एमएम वाटली. आठ फुटाला पंधरा लागते. शिवाय मुलाला चष्मा. शिवाय सासू मुख्याध्यापिका, आमच्या मुलीला उठता बसता शिस्त. अशी घाई करून चालत नाही.

हे सगळं वैभवीला सांगितलं. तिने माझाच मेसेज काढून मोठ्याने वाचला. ‘सचिव’ पर्यंत वाचला. मग मोबाईलमधून बायोडाटा काढला आणि शेवटची ओळ दाखवली.

मी म्हटलं, ते माशांसाठी लिहिलं होतं.

प्रेमिलाने पोळ्या अर्ध्या टाकल्या होत्या, तिने गॅस बंद केला. वैभवी डबा न घेता गेली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वैभवीचं पान प्रेसला दिलं. मग फोन करून काढायला लावलं. मग वाटलं, अध्यक्ष विचारतील सचिवाच्या मुलीचं पान कुठे आहे, म्हणून पुन्हा दिलं. मग वैभवीचा चेहरा आठवला, पुन्हा काढलं. प्रेसवाला म्हणाला, काका, एकदाचं काय ते कळवा.

कळवतो म्हटलं. पान नाही छापलं. जागा रिकामी राहू नये म्हणून तिथे ‘हुंडा घेणार नाही’ अशी शपथ टाकली.

८ फेब्रुवारी, रविवार

निर्णय: स्थळ योग्य नाही असं एकदा म्हटल्यावर लोच तिथे ठेवणं तत्त्वात बसत नाही. परत आणायचे. थर्माकोलचा मोठा डबा घेऊन एकटाच ऑटोने इंदोऱ्याला गेलो.

जयाताईंनी टँकसमोर खुर्ची दिली.

पाचही पोहत होते. आडवं कोणी पडलेलं नव्हतं. एवढे दिवस मी पाहुण्यांना सांगत आलो की हे झोपाळू असतात. रंग असा, की मला आधी वाटलं नवीन आणले. जयाताई म्हणाल्या, आल्या आल्या हे पाचही अर्ध्यापर्यंत जायचे आणि वळायचे. तिथे काच नाही, काही नाही, तरी बरोबर अर्ध्यात वळायचे. जयाताईंना समजेना की असं काहून करून राहिले. धम्मदीपने सांगितलं, की आधीचं घर तेवढंच होतं. मग एक दिवस थोरली वळली नाही, पुढे गेली. तिच्या मागे बाकीचे.

मी थोरलीकडे पाहून हात हलवला. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरी मारली आणि मला पाहिलं नाही. काचेवर उजेड पडला असावा.

जयाताईंनी विचारलं, डब्यात काय आणलं. मी म्हटलं, तिळाच्या वड्या आणायच्या होत्या, घरीच राहिल्या. रिकामा डबा घेऊन परत आलो. ऑटोवाल्याने डब्याची वेगळी सीट धरली.

९ फेब्रुवारी, सोमवार

मी होकार द्यायचं ठरवलं. कोणी दबाव आणला म्हणून नाही. पुरोगामी माणसाला कृती करावी लागते. नुसता घरात होकार देऊन काय उपयोग, समाजापुढे उदाहरण पाहिजे. शनिवारी मेळाव्यात, स्टेजवरून, सगळ्यांसमोर जाहीर करणार. हे ऐकून वैभवी माझ्या बाजूला येऊन बसली. बऱ्याच दिवसांनी. म्हणाली, नक्की ना. मी म्हटलं, बापाचा शब्द आहे.

आज तिने जेवणाचा डबा नेला.

१४ फेब्रुवारी, शनिवार, रात्री

मेळावा यशस्वी. मंडप भरला, जेवणात कमी पडलं नाही. माझं भाषण गाजलं. जातिभेद गाडून टाकला पाहिजे, सुरुवात आपल्या उंबऱ्यापासून केली पाहिजे, असं म्हटलं तेव्हा टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी पाठीवर हात ठेवला. पहिल्या रांगेत वैभवी आणि प्रेमिला बसल्या होत्या. वैभवी माझ्याकडे एकसारखी पाहत होती.

तिचं नाव घ्यायचं राहून गेलं. पुढे सत्कार होते, वेळ कमी होता. आणि अशा गोष्टी गर्दीत सांगितल्या तर त्यांचं महत्त्व जातं.

घरी येताना दोघी मागच्या ऑटोने आल्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज रीतसर होकार द्यायला इंदोऱ्याला गेलो. कोट, नारळ, पेढे. प्रेमिलाला चल म्हटलं, तर म्हणाली तुम्ही व्हा पुढे, मी नंतर येतो.

मी बसलो आणि प्रस्तावना केली. समाज, परंपरा, नवा काळ, बापाचं मन. शेवटी म्हटलं, माझा होकार आहे.

जयाताईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुम्ही एवढं आले, बरं वाटलं, पण होकाराची तशी गरज नव्हती. पोरांनी मंगळवारीच रजिस्ट्रारकडे नोटीस दिली. लग्न एप्रिलमध्ये, साक्षीदाराच्या सहीला प्रेमिलाताई येऊन राहिल्या. कार्यक्रम साधा, घरच्या घरी.

मी पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. मग विचारलं, माझं कसं. म्हणजे सहीला. आणि रविवारचं लोच बघायला येत जाऊ का.

जयाताई म्हणाल्या, माशांसाठी चालते आणि माणसांसाठी चालत नाही, असं तुम्ही म्हणले, ते वैभवीने सांगितलं. मेळाव्यात वेळ कमी पडला, तेही समजलं. पोरगी दुसऱ्या दिवशी इथे, या खुर्चीत बसून रडली. आमच्या मनात राग नाही. पण आमच्या घरात कोण येते-जाते, ते आम्हालाही पाहून-समजून ठरवावं लागते. तुम्ही आले होते तेव्हा तुम्ही सगळं विचारलं, आम्ही सगळं सांगितलं. आता आम्ही थोडा विचार केला तर तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

मग चहा दिला. चहा चांगला होता. दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, आम्ही कळवतो.

१ मार्च, रविवार, सकाळ

फोन नाही. मोबाईल चार्ज आहे. रेंज आहे. प्रेमिलाच्या फोनवरून माझा लावून पाहिला, वाजते.

दुपार

प्रेमिला आणि वैभवी इंदोऱ्याला गेल्या. साड्यांचं ठरवायचं आहे. मी कोट घालून तयार बसलो होतो, चुकून ‘चला’ म्हणाल्या तर. प्रेमिला म्हणाली, वरण गॅसवर आहे, गरम करून घ्या. वैभवी दारातून परत फिरली, माझ्या कोटाची कॉलर सरळ केली आणि गेली.

टँक तसाच आहे. पाणी काढलं नाही. फिल्टर चालू ठेवला, आवाज असला की बरं वाटते. सोफ्यावर बसून पाहून राहिलो. चार फूट काही कमी नसते. आमच्या काळी एवढ्यात आख्खं कुटुंब राहायचं.

संध्याकाळ

अजून नाही. पौष तर केव्हाच संपला. जयाताईंकडे माणसांची ये-जा असते, राहून गेलं असेल. मोठ्या घरच्या माणसाले वेळ लागते.

नऊ वर्षं मी हा शब्द वापरून राहिलो, मले त्याचा अर्थ कोणी सांगायची गरज नाही. पण ‘कळवतो’ म्हणजे दरवेळी ‘नाही’च असते, असं काही नाही.